आमचा व्हॅम्पायर प्रोफेसर बेपत्ता

आज गेमच्या अड्ड्यावर माझं पात्र, म्हणजे तीनशे वर्षांचा व्हॅम्पायर प्रोफेसर, चीनमधल्या तकलामकानच्या वाळवंटात गायब झाला. वाळूत गडप झालेल्या बौद्ध विहारांतल्या पोथ्या हुडकायला गेला होता. उन्हाच्या धास्तीने पहाटे स्वतःला पुरून घेतलं आणि दिवसभराच्या वादळाने वर टेकडीच रचली!

चिडलो, पण पटलंही. १८९५ मध्ये स्वीडिश संशोधक-प्रवासी स्वेन हेडिनचं पाणी तिथेच संपलं होतं. उंट मेले, माणसं गेली. खोतान नदीच्या कोरड्या पात्रात त्याला कसंबसं एक डबकं सापडलं, तर मागे पडलेल्या सोबत्यासाठी, कासिमसाठी, पठ्ठ्याने चक्क बुटांत भरून पाणी नेलं.

आमच्या प्रोफेसरला पाणी नकोच म्हणा. पण रक्त कुणाचं पिणार? उंटाचं?

पुढच्या रविवारी बाकीची मंडळी शोधायला निघणार आहेत. फावडी घ्या रे, आणि रात्रीच खणा!