सहाव्या वर्षीची दाढ

पहिली-दुसरीचा वर्ग शिकवते, त्यामुळे पोरांचे दात कधी हालले, कधी पडले हे बरेचदा घरच्यांच्या आधी मला कळतं. हालणाऱ्या दाताला जिभेनं ढकलत बसायचं, मग पाढे कुठले आठवतात!

खालचे पुढचे दात पडायच्या आतच मागून नवे उगवले की घरचे फार घाबरतात. "मॅडम, दोन रांगा येऊन राहिल्या ना पोरीले!" म्हणत एक आजी वावरातून थेट शाळेत आल्या होत्या. दुधाचा दात हालत असेल तर घाबरायचं कारण नाही. तो पडला की जिभेच्या रेट्यानं मागचा दात हळूहळू पुढे येतो. दोन-तीन महिने झाले आणि तो घट्टच राहिला, तर मात्र डॉक्टरला दाखवावं.

मला खरी काळजी असते ती मागच्या दाढेची. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्याही मागे वर-खाली, दोन्ही बाजूंना एकेक मोठी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि ही पक्की दाढ असते. परवा एका पोरीला खिडकीपाशी उजेडात आ करायला लावलं. दाढ अजून पुरती वर आलेली नव्हती, मागच्या कडेवर हिरडी तशीच होती, आणि खाचेत बिस्किटाचा लगदा. बोटाला कापड गुंडाळून पुसलं तर खाली काळी रेघ. तिचे बाबा म्हणाले, "दुधाचीच असन ना मॅडम, पडन." नाही हो भाऊ, ती पडून दुसरी येत नाही.

दुधाची दाढ सडली म्हणून लवकर काढली, तर हीच मागची दाढ पुढे सरकते. मग दहा-बारा वर्षांचं लेकरू झालं की नव्या दातांना जागा उरत नाही, सुळा वरच्या वर बाहेर येतो. दाढ काढावीच लागली तर जागा राखायला तारेची कडी बसवतात. ते नक्की विचारा.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानं नवे दात चट्टे घेऊनच उगवतात, कारण ते हिरडीखाली जबड्यात तयार होत असतानाच डागाळतात. अशा लेकराला "घासत नाहीस" म्हणून रागावू नका, मला फार वाईट वाटतं.

वेचणीच्या दिवसात मजुरी बुडवून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाणं सोपं नाही, हे मी रोज बघते. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक पोरांची तपासणी करायला शाळेत येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. दाढ चांगली असेल तर तिच्या खाचा लेप लावून बुजवता येतात. रात्री झोपताना ब्रश तुम्ही स्वतः करून द्या. अर्धी उगवलेली दाढ बाकीच्यांपेक्षा खाली असते, सरळ ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. गालाच्या बाजूनं आडवा घाला.