जेवणानंतरचं सी-पेप्टाइड : माझा अनुभव

ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची चाचणी वेगळी आणि जेवणासारखं पेय पिऊन करायची चाचणी वेगळी, हे एका प्रयोगशाळेच्या काउंटरला पटवताना माझी जेवढी दमछाक झाली, तेवढी आपल्याला मधुमेह झालाय हे स्वतःला पटवतानाही झाली नव्हती. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांच्या चिठ्ठीवर ‘मिक्स्ड मील टॉलरन्स टेस्ट’ (हीच ती जेवणासारख्या पेयाची चाचणी) असं लिहून आलं असेल त्यांनी आधी हे वाचावं, मग घराबाहेर पडावं.

आधीचं थोडक्यात सांगते. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.५ च्या वर, उपाशीपोटी साखर १२६ च्या पुढे, त्यामुळे निदानात शंका नव्हती. प्रश्न प्रकाराचा होता, टाइप १ की टाइप २. माझं वजन कमी, गोळ्यांना साखर दाद देईना, आणि ॲंटीबॉडीच्या चाचणीतून (शरीर आपल्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतंय का ते बघणाऱ्या) धड हो नाही की नाही नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘तुमचं स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवतंय ते बघू.’ हे सी-पेप्टाइडवरून कळतं. शरीर इन्सुलिन तयार करतं तेव्हा मूळ साखळीतून एक तुकडा सुटतो, तेच सी-पेप्टाइड; जितके रेणू इन्सुलिनचे तितकेच या तुकड्याचे. इन्सुलिनचा बराच भाग यकृत वाटेतच काढून घेतं, हा तुकडा मात्र रक्तात जास्त वेळ टिकतो. आणि बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतोच, त्यामुळे जे मोजलं जातं ते फक्त आपलं स्वतःचं.

मग नुसतं उपाशीपोटी मोजलं तर काय बिघडतं? उपाशी असताना स्वादुपिंड जवळजवळ आराम करत असतं. त्याची ताकद बघायची तर त्याला काम द्यावं लागतं. ते काम कोणतं द्यायचं, इथे खरी गंमत आहे आणि इथेच माझं घोडं अडलं.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं होतं. ग्लुकोज हा इन्सुलिन सोडण्याचा एक इशारा झाला. प्रथिनं पचून मिळणारी अमिनो आम्लं हा दुसरा, आणि त्याची वाट वेगळी आहे. त्यातलं आर्जिनिन धन विद्युतभार घेऊन पेशीत शिरतं आणि पेशीच्या आवरणावरचा विद्युतदाब बदलतं. ल्युसिन पेशीच्या आतलं एक विकर चालू करून इंधनाचा पुरवठा वाढवतं. शिवाय आतड्यात अमिनो आम्लं पोचली की तिथून जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरकं सुटतात, ती स्वादुपिंडाला आणखी ढोसतात. अमिनो आम्लांनी माणसात इन्सुलिन वाढतं हे १९६६ मध्येच प्रयोगांनी दाखवून झालंय, म्हणजे ही काही कालची बातमी नाही. कळीचा मुद्दा पुढे आहे. बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, थकायला लागल्या की ग्लुकोजला त्या लवकर थंड पडतात, पण आर्जिनिनला बराच काळ प्रतिसाद देत राहतात. म्हणजे नुसतं ग्लुकोज पाजून मोजलं तर आहे ती ताकदही कमी दिसू शकते. चाचणीत प्रथिनं, स्निग्ध आणि कर्बोदकं तिन्ही असलेलं पेय वापरतात ते यासाठी.

आता काउंटर.

चिठ्ठीवर ‘मिश्र आहारानंतर ९० मिनिटांनी सी-पेप्टाइड आणि ग्लुकोज’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. काउंटरवरच्या मुलाच्या संगणकात सी-पेप्टाइडला दोनच पर्याय : ‘उपाशी’ आणि ‘ग्लुकोजनंतर’. त्याने विचारलं, ‘मॅडम, यातलं कुठलं?’ मी म्हटलं, दोन्ही नाही. तो म्हणाला, ‘जेवणानंतर म्हणजे ग्लुकोजनंतरच की.’ मी म्हटलं, नव्हे. त्याने आतल्या बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, ‘सेमच असतं हो ते, साखर साखरच असते.’ आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. मी ते परत सरकवलं. त्यांनी पुन्हा माझ्याकडे सरकवलं.

मग सुरू झालं टोलवाटोलवीचं पर्व. पेय आमच्याकडे नसतं, तुम्ही आणा. कुठलं आणू? ते डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांकडून लिहून आणलं, तर या कागदावर वेळ नाही. वेळ लिहून आणली, तर पर्याय नसल्यामुळे नोंदच होत नाही, आणि नोंद झाल्याशिवाय नळीवर चिकटवायचा बारकोड निघत नाही. ‘शेरा’ नावाची रिकामी चौकट पडद्यावर मला काउंटरच्या या बाजूनेही दिसत होती. तिच्यात टाइप करा म्हटलं तर उत्तर आलं की ती आम्ही वापरत नाही. माझ्या मागच्या रांगेतल्या एका काकांनी शेवटी विचारलं, ‘अहो, मग ती ठेवलीय कशाला?’ त्या काकांचे आभार मानायचे राहून गेले.

तोडगा निघाला तो आत बसणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना थेट भेटल्यावर. त्यांना एका वाक्यात कळलं. त्यांनी ‘उपाशी’ आणि ‘इतर वेळ’ अशा दोन वेगळ्या नोंदी करायला लावल्या आणि दुसरीच्या शेऱ्यात ‘मिश्र पेयानंतर ९० मिनिटं’ लिहून घेतलं. तर पहिला सल्ला हा : काउंटरशी वाद घालत बसू नका, पहिल्या नकारालाच पॅथॉलॉजिस्ट कुठे बसतात ते विचारा.

पेयाबद्दल. मधुमेहींसाठी म्हणून मिळणारी कमी साखरेची पावडर इथे चालत नाही. तिन्ही घटक असलेलं प्रमाणित द्रव पोषण लागतं, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ६ मिलि, जास्तीत जास्त ३६० मिलि, आणि साधारण पाच मिनिटांत संपवायचं. साधं ताट का चालत नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. घन अन्न जठरात रेंगाळतं. प्रथिनांची पहिली फोड पेप्सिन करतं, पुढची ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन, मग कुठे त्यांचे छोटे तुकडे आतड्यातून आत जातात. शिवाय प्रथिनांच्या पचनातून सुटणाऱ्या फिनिलॲलानिन, ट्रिप्टोफॅन यांसारख्या अमिनो आम्लांची चाहूल लागली की आतडं कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि जठराचा वेग आणखी कमी होतो. अंडी खाल्ल्यावर पोट बराच वेळ भरलेलं वाटतं त्यात याचाही हात आहे. ताटात हे सगळं माणसागणिक बदलणार, मग ९० व्या मिनिटाचा आकडा कशाशी ताडून बघायचा? मोजून दिलेलं पेय त्यातल्या त्यात सगळ्यांना सारखं.

घड्याळ पहिल्या घोटापासून लावायचं. माझ्या तंत्रज्ञाने पेय संपल्यापासून लावायला घेतलं होतं, मी वेळ स्वतः कागदावर लिहून त्याच्या हातात दिली. नळ्यांकडेही लक्ष ठेवा. ग्लुकोजसाठी फ्लोराइडची करड्या टोपणाची नळी लागते, नाहीतर नळीतल्या रक्तपेशीच साखर खात बसतात आणि आकडा तासागणिक घसरतो. सी-पेप्टाइड जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत जास्त टिकतं. साध्या नळीत घेतलं तर रक्त लवकर वेगळं करून थंड ठेवावं लागतं.

हे आधी सांगायला हवं होतं : रात्रभर उपाशी राहायचं असतं, आणि सकाळची साखर फार खाली किंवा फार वर असेल तर चाचणी पुढे ढकलतात. मला ७० ते २०० च्या दरम्यान हवी असं सांगितलं होतं. सकाळचं औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, काउंटरला विचारू नका.

सगळं पार पडलं असं वाटलं, तोवर रिपोर्ट आला. ९० मिनिटांचं सी-पेप्टाइड १.३, आणि शेजारी छापलेलं ‘सामान्य’. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण शेजारी दिलेली मर्यादा १.१ ते ४.४ होती, आणि ती उपाशीपोटीची! भरपेट पेय पाजून स्वादुपिंडाला ढोसल्यावरचा आकडा आरामाच्या मोजपट्टीला लावून ‘सामान्य’ म्हणायचं, ही कमाल आहे. शिवाय एकक नॅनोग्रॅमचं. डॉक्टर मोजतात नॅनोमोलमध्ये, तेव्हा साधारण तीनने भागायचं. माझे आले ०.४३. ०.२ च्या खाली म्हणजे स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ संपलेलं, ०.६ च्या वर म्हणजे बऱ्यापैकी शिल्लक. मी मधे लटकलेली. डॉक्टरांनी कमी मात्रेत इन्सुलिन सुरू केलं आणि काही महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा करायला सांगितली. पुन्हा तेच काउंटर नको म्हणून दुरुस्त रिपोर्ट मागून घेतला, त्यावर वेळ आणि पेय दोन्ही छापून आणलं. त्यासाठीही दोनदा आवाज चढवावा लागला. चढवला, आणि वाईट वाटलं नाही.

या सगळ्यातून माझ्या एका जुन्या कोड्याचंही उत्तर मिळालं. रात्री नुसतं प्रथिनांचं भरपूर जेवण केलं की दोन तासांनी साखर छान दिसायची आणि मध्यरात्रीनंतर चढायची. अमिनो आम्लं इन्सुलिनसोबत ग्लुकॅगॉन हे साखर वाढवणारं संप्रेरकही वाढवतात. निरोगी माणसात दोघं एकमेकांना तोलतात, म्हणून नुसती प्रथिनं खाल्ली तरी साखर कोसळत नाही. इन्सुलिन तोकडं पडलं की ग्लुकॅगॉनचं फावतं, आणि यकृत ॲलानिनसारख्या अमिनो आम्लांपासून साखर बनवून रक्तात सोडतं. तेव्हा ‘प्रथिनांनी साखर वाढत नाही’ हे कुणी छातीठोकपणे सांगितलं तर झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा बोट टोचून बघा.

आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर चाचणीआधी डॉक्टरांना नक्की सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे सी-पेप्टाइड खोटंच कमी येतं, म्हणून निदान दोन-तीन दिवस आधी त्या बंद करायला सांगतात. काउंटरवर हे कुणीही विचारत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही सांगा, कारण तेव्हा आकडा उलट जास्त दिसतो.