रक्ताच्या एका पिशवीसाठी अडीच महिने

मलेरियाचा मेरोझोइट, म्हणजे पेशीत घुसणारं त्या पॅरासाइटचं रूप, लाल पेशीला चिकटून आत शिरतो ते सगळं मिनिटभरात उरकतं. ते मिनिट बघायला मला अडीच महिने लागले, आणि पॅरासाइटनी कधीच त्रास दिला नाही, त्रास दिला तो रक्ताने.

गोव्यात मलेरिया म्हटलं की बहुतेक व्हायवॅक्स ही जातच, पण ती लॅबमध्ये सलग वाढत नाही, तिला रेटिक्युलोसाइट म्हणजे कोवळ्या लाल पेशी लागतात, म्हणून मी फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीवर आले. कल्चर मस्त चाललं होतं. फक्त ताज्या ओ ग्रुपच्या पेशी हव्या होत्या.

त्यासाठी एथिक्स कमिटीचं पत्र. पहिल्यांदा गेले तर कन्सेंट फॉर्म कोंकणीतपण हवा म्हणाले, बरोबरच आहे, पण हे यादीत कुठे लिहिलंय? करून नेला. मग मीटिंग चवथीमुळे पुढे गेली, नंतर पत्र सहीला गेलं आणि तिथेच बसलं. कारकून दर वेळी हसून "बाय, फाल्यां यो". फाल्यां म्हणजे उद्या हे मला माहीत होतं, पण त्याचा उद्या पंधरा दिवसांनी उजाडत होता. तेवढ्यात जुन्या उरलेल्या पेशी वापरून बघितल्या, पण जुन्या पेशींत इन्व्हेजन, म्हणजे पॅरासाइटचं आत शिरणं, कमी होतंच, आकडे अगदीच रडके आले. शेवटी मी डबा घेऊन तिथल्या बाकावर जाऊन बसले, दुपारी साडेतीनला सही झाली, दोन मिनिटांचं काम!

पिशवी नाही, नळ्या आल्या, त्यापण हिरव्या झाकणाच्या, म्हणजे हेपॅरीनच्या, रक्त गोठू न देणारं औषध ते. हेपॅरीन मेरोझोइटला पेशीत घुसूच देत नाही! धुतलं की जातं म्हणे, पण एवढं थांबून मी जोखीम कशाला घेऊ, परत पाठवल्या. अर्जातच लिहा: सीपीडी पिशवी (रक्त गोठू न देणारं, हेपॅरीन नसलेलं द्रावण असलेली).

बाकी काम सोपं. पाच टक्के सॉर्बिटॉलमध्ये दहा मिनिटं ठेवलं की मोठे स्टेज फुटतात, रिंगा, म्हणजे अंगठीसारखे दिसणारे कोवळे पॅरासाइट, तेवढ्या उरतात, सगळे एका वयाचे. मग ते वाढून शायझोंट झाले, म्हणजे मेरोझोइटनी भरून फुटायच्या बेतात आले, की चुंबकाच्या कॉलमवर धरायचे, त्यांच्यातल्या हिमोझोइन या रंगद्रव्यातल्या लोहामुळे ते अडकतात. धुतलेल्या ताज्या पेशींत मिसळायचे. आणि हो, पेशी धुताना वरचा पांढुरका थर (पांढऱ्या पेशींचा) नीट काढा, मी पहिल्यांदा घाईत ठेवला होता. मिश्रणाच्या दुसऱ्या भागात मुद्दाम हेपॅरीन घाला, तो तुमचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना. मिश्रणाची वेळ पण आधी मोजा, माझे शायझोंट पहाटे तीनला फुटले.

ऐन वेळी कल्चरला लागणारा गॅस सिलिंडर संपला तर घाबरू नका, जेन्सन आणि ट्रेगर या शास्त्रज्ञांनी १९७७ साली मेणबत्ती विझेपर्यंत बरणीत जाळून कल्चर वाढवायची पद्धत लिहिली होती, आम्हीपण तेच केलं.

सकाळी जिम्सा रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर गुलाबी पेशीत निळी अंगठी, टोकाला लाल ठिपका. शेजारच्या हेपॅरीनच्या स्लाइडवर शोधून शोधून एकच. मी दोन्ही स्लाइड रुमालात गुंडाळून ठेवल्यात, डब्यात नाही, डब्यात अजून त्या दिवशीची सोलकढी वास मारतेय.