एका पिवळ्या रानफुलाचं आठवं क्रोमोसोम

अलास्कापासून पार मेक्सिकोपर्यंत, अमेरिकेच्या सगळ्या पश्चिम पट्ट्यात, ओढ्याच्या काठी आणि पाझरणाऱ्या खडकांवर एक पिवळं फूल येतं. घशात लाल ठिपके असतात. तिकडे त्याला मंकीफ्लॉवर म्हणतात, शास्त्रीय नाव मिम्युलस गटॅटस (काही वर्षांपूर्वी काहींनी त्याला एरिथ्रँथे या दुसऱ्या वंशात टाकलं, पण यावर रिसर्च करणारे बरेचसे लोक अजून मिम्युलसच लिहितात म्हणून मीही तेच लिहिते). जंगली झाडं आपापल्या जागेला कशी लायक होत जातात आणि ती लायकी डीएनएमध्ये नेमकी कुठे असते, या प्रश्नावर या एका रानफुलाने जेवढं शिकवलंय तेवढं फार थोड्या झाडांनी शिकवलं असेल. मला हे कधीचं लिहायचं होतं.

मी अकरावी-बारावीला बायो शिकवते. पेपरात मुलं हमखास लिहितात की 'झाड परिस्थितीशी जुळवून घेतं', आणि मी दर वेळी तिथे प्रश्नचिन्ह काढते, कारण त्या वाक्यात झाड काहीतरी ठरवतंय असं वाटतं. एकट्या झाडाला ठरवता काहीच येत नाही. जिथे बी पडलं तिथेच जगायचं नाहीतर मरायचं, प्राण्यासारखं उठून सावलीत जाता येत नाही, आणि म्हणूनच मला वाटतं की नॅचरल सिलेक्शन बघायचं असेल तर झाडांकडे बघावं. जे उगवलं त्यातलं काय टिकलं आणि किती बी धरलं, एवढाच हिशोब, पण तो पिढ्यान्पिढ्या चालतो.

आता मंकीफ्लॉवरच्या दोन जागा बघा. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. समुद्रापासून आत गेलात की मे-जूनपर्यंत छोटे ओढे आटतात, त्यामुळे तिथली मंकीफ्लॉवर वर्षायू आहेत, हिवाळी पावसावर उगवायचं, वसंतात झटपट फुलायचं, बी टाकायचं आणि पाणी संपायच्या आत संपून जायचं. किनाऱ्यावर मात्र उन्हाळाभर धुकं असतं, हवा थंड आणि जमीन ओली, तिथे घाई करायचं काही कारणच नाही. तिथली झाडं बहुवर्षायू, जाड खोडाची, मोठ्या पानांची, जमिनीलगत फाटे पसरवत बसतात आणि फुलतात उशिरा. वरून समुद्राचे खारे तुषार येतात तेही सोसतात. जात एकच, दोघांचा संकर छान होतो, त्याला बीही धरतं, पण शेजारी शेजारी ठेवली तर कोणी म्हणणार नाही की ही एकाच जातीची झाडं आहेत.

इथे पहिला प्रश्न हाच येतो की हा फरक जागेमुळे दिसतोय की रक्तातच आहे. हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर शोधायची पद्धतही कॅलिफोर्नियातच पक्की झाली. क्लॉसेन, केक आणि हीझी या तिघांनी एकाच झाडाचे तुकडे करून ते तीन उंचीवरच्या बागांमध्ये लावले, स्टॅनफर्डला समुद्रसपाटीजवळ, मेदरला सुमारे 1400 मीटरवर आणि टिंबरलाइनला सुमारे 3050 मीटरवर, आणि वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. 1940 साली त्यांचं पहिलं मोठं काम छापून आलं. तुकडे एकाच झाडाचे, म्हणजे जीन्स तेच, तरी जागेप्रमाणे झाड थोडं बदलतं हे दिसलं. पण खालच्या भागातली झाडं वर डोंगरावर नेली की बरीचशी तगतच नाहीत, डोंगरावरची खाली आणली तर खालच्यांसारखी वाढत नाहीत, हेही दिसलं. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि नुसतं बघून त्यांची फोड करता येत नाही, लावूनच बघावं लागतं.

डेव्हिड लाउरी आणि जॉन विलिस यांनी मंकीफ्लॉवरवर हेच केलं, किनाऱ्याची झाडं आत आणि आतली किनाऱ्यावर. आत नेलेली किनाऱ्याची झाडं मजेत वाढत राहिली आणि फुलायच्या आतच बहुतेक सगळी दुष्काळात वाळून गेली. किनाऱ्यावर आणलेली आतली झाडं लवकर फुलली खरी, पण खाऱ्या तुषारांनी होरपळली आणि स्थानिक झाडांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. नंतर कॅलिफोर्नियातल्याच बोडेगाच्या किनाऱ्यावर झाडांना तुषारांपासून आणि खाणाऱ्या प्राण्यांपासून आडोसा देऊन बघितलं तर त्याच आतल्या झाडांची परिस्थिती एकदम सुधारली.

मग जीन्स. दोन प्रकारांचा संकर करायचा, त्याची पुढची पिढी वाढवायची, प्रत्येक रोपाची फुलायची तारीख, उंची, खोडाची जाडी वगैरे लिहून ठेवायचं आणि डीएनएवरच्या खुणांशी जुळवत जायचं की कुठली खूण असली की झाड उशिरा फुलतं. हे करताना आठव्या क्रोमोसोमवर (मंकीफ्लॉवरमध्ये क्रोमोसोमच्या 14 जोड्या असतात) एक पट्टा सापडला, त्याचा फुलण्याच्या वेळेवर आणि झाडाच्या सगळ्या ठेवणीवर मोठा परिणाम दिसत होता. आणि त्या पट्ट्यात एक विचित्र गोष्ट होती. वर्षायू आणि बहुवर्षायू यांच्या संकरात त्या पट्ट्यातल्या सगळ्या खुणा एकगठ्ठा पुढच्या पिढीत जायच्या, एकमेकींपासून सुटायच्याच नाहीत, पण वर्षायूचा वर्षायूशी संकर केला की त्याच खुणा व्यवस्थित सुट्या व्हायच्या. याचं कारण म्हणजे दोन प्रकारांमध्ये क्रोमोसोमचा तेवढा तुकडा उलटा बसलेला आहे. याला इन्व्हर्जन म्हणतात. ही गोष्ट नवीन नाही, स्टर्टेव्हंटने 1921 मध्ये फळमाशीत ती दाखवली होती आणि डोबझान्स्कीने पुढे जंगली माश्यांमध्ये त्यावर आयुष्यभर काम केलं.

इन्व्हर्जनने नक्की होतं काय ते सांगते, कारण मुलांनाही इथेच अडतं. परागकण आणि बीजांड तयार होताना आईकडून आणि बापाकडून आलेली क्रोमोसोम एकमेकांशी तुकडे बदलतात, पत्ते पिसल्यासारखे जीन्स पिसले जातात. एक तुकडा उलटा असेल तर तिथे ही अदलाबदल नीट होत नाही, म्हणजे कॅटमधल्या काही पानांना रबरबँड लावलाय आणि मग पिसतोय, बाकी पानं इकडची तिकडे होतात पण ती गड्डी तशीच राहते. आता समजा त्या गड्डीत 'लवकर फूल', 'बारीक खोड', 'फाटे पसरू नको' अशी आतल्या कोरड्या जागेला सोयीची सगळी पानं एकत्र आली असतील, तर किनाऱ्याच्या झाडाचे परागकण उडत आले तरी तो संच फुटत नाही. कर्कपॅट्रिक आणि बार्टन यांनी 2006 मध्ये गणित मांडून दाखवलं होतं की एवढ्याच कारणावर इन्व्हर्जन एखाद्या जातीत पसरू शकतं. गणित होतं, पण जंगली झाडात, खऱ्या जमिनीवर कोणी तपासून बघितलं नव्हतं.

2010 चा लाउरी आणि विलिसचा पेपर म्हणूनच मला इतका आवडतो. त्यांनी किनाऱ्याच्या झाडात फक्त तो पट्टा आतल्या झाडाचा बसवला आणि आतल्या झाडात फक्त तो पट्टा किनाऱ्याचा. जीन एडिटिंग वगैरे काही नाही, पिढ्यान्पिढ्या बॅकक्रॉस करत करत, म्हणजे संकराचा पुन्हा पुन्हा मूळ झाडाशीच संकर करत, प्रत्येक पिढीत हवा तो पट्टा असलेली रोपं निवडत, हे मेहनतीचं आणि सबुरीचं काम आहे. आणि मग ती रोपं ग्रीनहाऊसमध्ये न ठेवता दोन्ही ठिकाणी बाहेर जमिनीत लावली. बाकी सगळं जवळजवळ तसंच, पट्टा तेवढा वेगळा, तरी फुलायची वेळ सरकली, झाडाचा घाट बदलला आणि दिलेल्या जागी टिकायची शक्यताही बदलली. आतल्या भागात ज्यांच्यात किनाऱ्याचा पट्टा आला ती उशीर करून बसली, आणि तिथे उशीर म्हणजे मरण. शिवाय दूरदूरच्या झाडांमध्ये तपासलं तर हाच नमुना सगळीकडे दिसला, अगदी आतल्या भागात बारमाही झऱ्यांच्या काठी जी बहुवर्षायू मंकीफ्लॉवर आहेत त्यांच्यातही पट्टा किनाऱ्यासारखाच निघाला. म्हणजे समुद्र जवळ आहे का हा मुद्दाच नाही, उन्हाळ्यात पायाखाली पाणी आहे का हा मुद्दा आहे.

पट्ट्यात शेकडो जीन्स आहेत, त्यातला नेमका कुठला काम करतोय हे शोधणं अवघड, कारण जे सुटं होत नाही ते वेगळं करून तपासणार कसं. पण एका जीनवर संशय दाट आहे, GA20 ऑक्सिडेज 2, इंग्रजी अक्षरं टाळायची तर जीए-ट्वेंटी-ऑक्स-टू. हा जिबरेलिन बनवायच्या साखळीतला जीन आहे, आणि जिबरेलिन म्हणजे झाडाला उंच करणारं हार्मोन. किनाऱ्याच्या बसक्या झाडांवर जिबरेलिन फवारलं तर त्यांचे आडवे पसरणारे फाटे उभे वाढायला लागतात, आतल्या झाडांसारखे. किनाऱ्याच्या झाडांमध्ये पानं खाणाऱ्यांना दूर ठेवणारी रसायनंही जास्त असतात आणि त्यातही याच पट्ट्याचा हात दिसतो, म्हणजे जे वाढीवर खर्च होत नाही ते संरक्षणाकडे जातंय.

आणि इथे मी वाचता वाचता थांबले, कारण हा जीन आपल्या ताटातला आहे. भातात याचंच भावंड आहे, त्याला एसडी-वन म्हणतात. जुने उंच भात युरिया दिला की लोंबीच्या वजनाने लोळायचे. 1966 मध्ये फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेने आयआर-8 आणला तो बुटका होता, लोळायचा नाही. आपल्याकडे 1968 मध्ये आलेला 'जया' कोकणातल्या कुठल्याही भात शेतकऱ्याला विचारा, त्याचा बुटकेपणाही तायचुंग नेटिव्ह वन या तैवानच्या भातामार्फत, आयआर-8 चा ज्या जुन्या बुटक्या वाणातून आला त्याच वाणातून आलेला. तो बुटकेपणा म्हणजे हाच जीन बिघडलेला, हे 2002 मध्ये कळलं. आणि त्याच्याही पुढचं, बांगलादेशात पुराच्या पाण्यात वाढणारे जे भात आहेत त्यांच्यात याच जीनचं उलट रूप आहे, पाणी चढायला लागलं की तो जोरात कामाला लागतो आणि रोप पाण्याच्या वर डोकं काढतं, हे 2018 मध्ये सापडलं. एकच जीन, युरिया दिलेल्या खाचरात तो मोडलेला बरा आणि पुरात जोरदार हवा. मग हा जीन चांगला की वाईट? या प्रश्नाला जमिनीचं आणि पाण्याचं नाव घेतल्याशिवाय उत्तरच नाही. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, आणि 'अमक्याचा जीन सापडला' अशा बातम्यांमध्ये नेमकी हीच गायब असते.

अर्थात प्रत्येक जीन असा दोन्हीकडे किंमत मोजायला लावत नाही. मंकीफ्लॉवरमध्येच खारे तुषार सोसायला मदत करणाऱ्या तीन जागा डीएनएवर सापडल्या, त्यांचा किनाऱ्यावर फायदा मोजता आला पण आतल्या भागात ना नफा ना तोटा. मग त्या सगळीकडे का पसरल्या नाहीत, हा प्रश्न तसाच राहतो आणि माझ्या मनात तो घोळत असतो.

आता याच फुलाची दुसरी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. कॅलिफोर्नियातच कॉपरोपोलिस नावाचं गाव आहे, तिथे 1860 च्या दशकात तांब्याच्या खाणी सुरू झाल्या आणि खाणीचा विषारी गाळ आजूबाजूला पसरला. त्या गाळात नेहमीचं मंकीफ्लॉवर मरतं, तिथलं मात्र जगतं. मार्क मॅकनेअरने दाखवलं की तांबं सोसायची ही ताकद मुख्यतः एकाच जीनमुळे आहे. पण एक गोष्ट खटकणारी होती, या खाणीवरच्या झाडांचा दुसरीकडच्या काही झाडांशी संकर केला की रोपं जगायचीच नाहीत, आणि 1983 मध्ये असं वाटलं की तांबं सोसणारा जीनच संकराला मारतोय. पुस्तकांमध्येही हे उदाहरण गेलं, की बघा, जागेला लायक होता होता नवी जात कशी तयार व्हायला लागते. मग 2013 मध्ये विलिसच्याच गटाने, मॅकनेअरलाही बरोबर घेऊन, बारकाईने मॅप केलं तेव्हा निघालं की जीन दोन आहेत, अगदी एकमेकांना चिकटून. तांब्याने निवड केली ती एकाची, शेजारचा फुकट बरोबर ओढला गेला आणि त्याच्यामुळे संकर मरतात. हे सगळं साधारण 150 वर्षांत. म्हणजे ज्या गुणाचा जगण्याशी काही संबंध नाही तो नुसत्या शेजारामुळे सगळ्या खाणीभर पसरू शकतो, आणि म्हणून कुठलाही गुण दिसला की 'याचा काहीतरी फायदा असणारच' असं म्हणायची घाई करू नये असं मी आता वर्गात सांगते.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यासमोर आपले सडे येतात. कास घ्या, आंबोली घ्या, जांभ्यावर बोटभर माती, चार महिने पाणीच पाणी आणि मग पुढे कडक ऊन. तिथेही हीच दोन माणसं भेटतात, सीतेची आसवं, तेरडा यांच्यासारखी पावसाबरोबर येऊन संपून जाणारी, आणि कंद धरून जमिनीखाली वाट बघणारी. एकाच जातीचं झाड सड्यावर वीतभर आणि जंगलाच्या कडेला कमरेपर्यंत, हे फिरणाऱ्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ते मातीमुळे बुटकं आहे की जन्मजात? फोटो काढून कळणार नाही, दोन्हीकडचं बी घेऊन दोन्हीकडे लावायला पाहिजे. कासला असं काही करायचं तर वनखात्याची परवानगी लागणार, आणि ती कडकच असावी. पण कॉलेजच्या मागच्या आवारात, एकाच मातीत, दोन्हीकडच्या तेरड्याचं बी शेजारी शेजारी लावून उंची आणि फुलायची तारीख लिहायला खर्च काहीच नाही. बी कुठून आणि किती घ्यायचं हे मात्र आधी विचारून. विद्यापीठात किंवा कॉलेजात सड्यावरच्या झाडांवर असं लावून बघण्याचं काम कोणी करत असेल तर मला जरूर कळवा, माझ्या वर्गातली मुलं मोजमापं घ्यायला यायला तयार आहेत.