तुम्ही विचारलंत म्हणून: मोठा जेसीबी का नाही लावला?

हिंगण्याकडच्या आमच्या वावरात येणारा प्रत्येक जण धुऱ्यावरचा दगडांचा ढीग बघतो आणि एकच विचारतो, "मोठा जेसीबी लावला असता तर दोन दिवसांत मोकळे झाले असते भाऊ. ते खेळण्याएवढं मशीन घेऊन दोन उन्हाळे काऊन घालवले?"

लावला होता ना! सुरुवातीला, अर्ध्या एकरात. त्यानं दगड काढले, पण खालचा मुरूमही वर आणला आणि वीतभर काळी माती गाडून टाकली. त्या तुकड्यात तूर अजून गुडघ्याच्या वर जात नाही.

नागपूरच्या या बाजूला सीताबर्डीच्या टेकडीचाच काळा दगड मातीखाली आहे. तो कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतो. पापुद्र्यांचा मुरूम होतो, गाभ्याचा गोल धोंडा उरतो. मोठ्या बकेटला दोन्ही सारखेच.

मग मिनी ट्रॅक्टरला स्प्रिंगचा कल्टिव्हेटर जोडला. फण धोंड्यावर आपटला की उसळतो. जिथं उसळला तिथं मागून चालणारा पोरगा चिमूटभर चुना टाकायचा. भाड्याचं छोटं पोकलेन फक्त चुन्याच्या खुणांवर. अरुंद बकेटचे दात धोंड्याखाली घालायचे, हळूच उलथायचा, उचलून दोनदा झटकायचा. माती परत खड्ड्यात पडते. बकेटला न जुमानणारे सब्बलीनं.

पहिला आठवडा मात्र वायाच गेला. मे महिन्यातली काळी माती म्हणजे वीट; धोंड्याबरोबर हे एवढं ढेकूळ यायचं, डिझेल जळायचं. वळवाचा पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी झाली, तेव्हा कुठं काम सुटलं. तेही सकाळी सहा ते दहा. पुढं 45 अंशांत लोखंडाला हात लावून बघा!

सगळे दगड वेचलेही नाहीत. नारळाहून मोठे तेवढे काढले. लावायचा होता संत्रा. त्याच्या मुळाशी पाणी साचलं की खोडातून डिंक गळायचा रोग, डिंक्या, आलाच. बारीक गोटे पाण्याला वाट देतात, राहू द्या. 20 बाय 20 फुटांवर अडीच एकरात 270 च्या आसपास खड्डे आखले. अकरा जागी सलग कातळ लागला, तिथं झाडच लावलं नाही.

ढीग विकता का, असंही विचारतात. नाही. नाल्याकडून माती वाहून जाते, तिथं दगडी बांध घालतोय. निम्मा ढीग तिकडं गेला, उरलेला दसऱ्यानंतर.