“सातवीला... व्हते.”

कोल्हापुरातल्या शिरोळकडच्या एका उसाच्या फडात आज दुपारी ऐकलेलं उत्तर. प्रश्न साधाच होता, कितवीला आहेस? पोरगी वाढ्याच्या पेंड्या बांधत होती, शेजारी पाचटावर धाकटा भाऊ झोपलेला. ‘आहे’च्या जागी ‘व्हते’ आलं, तेही अगदी सहज.

हिशोब सरळ आहे. ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. आईनं फडात उभं राहायचं तर तान्ह्याला सांभाळणार कोण? थोरली. दिवाळीच्या आसपास बीडहून निघायचं, परतायचं पाडव्याच्या आगेमागे. म्हणजे दुसरं सत्र अख्खं गेलं. अपूर्णांक वर्गात शिकवले जातात तेव्हा ही इथं मोळ्या मोजत असते. जूनमध्ये पुढच्या वर्गात बसते खरी, पण फळ्यावरचं काही कळत नाही. अशी दोन-तीन वर्षं गेली की शाळा सुटत नाही, नकोशी होते.

गावच्या शाळेचं शिक्षण हमीपत्र दाखवलं की जवळच्या शाळेत बसवून घेतात. पण टोळी एका फडावर टिकते कुठं? ऊस संपला की दुसरं गाव, दुसरी शाळा. शिवाय कडेवरच्या भावाला वर्गात कोण घेणार, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोर शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिना 1 रुपया दंड.

आज तो दंड बसवायचाच झाला तर कुणाला बसवायचा? बापाला, मुकादमाला, की कारखान्याला?