डीक्लटाइप(*पी) मधला जादा &

सी++ च्या टेम्प्लेटमध्ये (कोणत्याही टाइपसाठी चालणाऱ्या कोडमध्ये) पी हा टी*, म्हणजे टीचा पॉइंटर असेल, तर एक्स्प्रेशनचा टाइप सांगणारा डीक्लटाइप(*पी) म्हणजे टी नव्हे, टीचा रेफरन्स: टी&. *पी हे एलव्हॅल्यू (मेमरीतली ठरावीक जागा दाखवणारं) एक्स्प्रेशन आहे आणि डीक्लटाइप अशांना & चिकटवतोच. डीक्लटाइप(पी) मध्ये नुसतं नाव आहे, म्हणून तो मात्र टी*च राहतो; जादा कंस घालून डीक्लटाइप((पी)) लिहिलं की टी*&. एका कंसाने एवढा फरक पडावा, हे जरा अतीच!

हा & व्हेक्टरच्या (वाढू शकणाऱ्या यादीच्या) घटकांच्या टाइपमध्ये शिरला की ‘रेफरन्सचा पॉइंटर बनत नाही’ अशी एरर थेट लायब्ररीच्या फाइलमधली ओळ दाखवते. चूक असलेली आपली ओळ शोधायला बरंच खाली जावं लागतं. नुसता रेफरन्स काढणारा रिमूव्ह_रेफरन्स_टी लावून भागेलच असं नाही: पी हा कॉन्स्ट इंट* असेल तर कॉन्स्ट इंट उरतो, आणि व्हेक्टरला तोही चालत नाही. सी++२० मध्ये कॉन्स्ट आणि रेफरन्स दोन्ही काढणारा रिमूव्ह_सीव्हीरेफ_टी वापरा, सी++१४ आणि सी++१७ च्या कोडमध्ये डिके_टी.